मराठीच्या प्रगतीपुस्तकात दुसरा रकाना हवा

महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. पहिली आणि सहावीपासून सुरुवात होऊन तो दरवर्षी एकेक इयत्ता पुढे सरकत गेला आणि सीबीएसई, आयसीएसईच्या वर्गांत मराठीच्या तासाला एक जुनाच प्रश्न ठळकपणे समोर आला. एका बाकावरच्या मुलीच्या घरी आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळे मराठीत बोलतात. तिच्या शेजारच्या मुलाच्या घरी तमिळ, शाळेत इंग्रजी आणि सोसायटीत हिंदी चालते. मराठी त्याच्या कानावर पडते ती भाजीवाल्याची किंवा लोकलमधल्या उद्घोषणेची. मागे बसलेला मुलगा वडिलांच्या बदलीमुळे गेल्याच महिन्यात लखनौहून आला आहे. पुस्तक तिघांना एकच, बाई एकच आणि पेपरही एकच. एप्रिल २०२३ मध्ये शासनाने यावर तात्पुरता तोडगा काढला. राज्य मंडळाबाहेरच्या शाळांत २०२२-२३ साली आठवीत असलेल्या तुकडीचे मराठीचे मूल्यमापन दहावीपर्यंत अ, ब, क, ड अशा श्रेणींत करायचे आणि ते एकूण निकालात धरायचे नाही, असे ठरले. कोविडच्या काळात शिकवण्यात खंड पडला होता हे त्यामागचे कारण, आणि ते खरेही होते. पालकांचा जीव भांड्यात पडला. पण ज्या मुलाने अक्षरओळखीपासून सुरुवात करून तीन वर्षांत स्वतःच्या शब्दांत पत्र लिहिण्यापर्यंत मजल मारली, त्याच्या वाट्याला काय आले? एक 'क' श्रेणी, आणि तीही बेरजेबाहेर.

सवलतीने ताण कमी झाला, पण न्याय झाला नाही. भाषेच्या वर्गात मुले वेगवेगळ्या ठिकाणाहून निघालेली असतात. अशा वर्गात मेहनतीला आणि सुधारणेला गुण द्यायचे की नाहीत, द्यायचे तर कसे, हा प्रश्न त्या सवलतीने फक्त पुढे ढकलला. माझे म्हणणे असे आहे की मुलाने वर्षभरात किती प्रगती केली हे मोजलेच पाहिजे आणि शाळेच्या निकालात त्याला मानाची जागा दिलीच पाहिजे. मात्र ते गुण भाषेच्या पातळीच्या गुणांत मिसळता कामा नयेत. आणि मेहनतीला, म्हणजे शिक्षकाच्या नजरेला दिसलेल्या मेहनतीला, स्वतंत्र गुण देऊच नयेत.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांपुरता आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने नंदुरबारमधल्या धडगावची, मेळघाटातल्या धारणीची किंवा गडचिरोलीतल्या भामरागडची जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणावी. तिथे पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा अनुक्रमे पावरी, कोरकू आणि माडिया असते. पालघरमध्ये वारली असते. सोलापूरच्या गल्ल्यांत तेलुगू किंवा कन्नड असते. तरीही शाळा मराठी माध्यमाची, म्हणून त्यांच्या हाती प्रथम भाषेचे 'बालभारती' पडते. उलट ठाण्यातल्या मराठी घरातली मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे म्हणून तिला मात्र द्वितीय भाषेचे सोपे 'सुलभभारती' आणि पुढे 'अक्षरभारती' मिळते. भाषा शिकणाऱ्यांच्या पातळ्या वेगळ्या असतात हे आपल्या व्यवस्थेला पूर्वीपासून मान्य आहे, तिने पुस्तकेही वेगळी काढली आहेत; फक्त पातळी ठरवताना तिने मुलाकडे न पाहता शाळेच्या पाटीकडे पाहिले. त्यामुळे कोरकू बोलणाऱ्या मुलाची मराठी प्रथम भाषा ठरते आणि मराठी बोलणाऱ्या मुलीची द्वितीय. मग परीक्षेत पहिल्याला कमी आणि दुसरीला भरघोस गुण पडतात आणि आपण त्यांना त्या मुलांची योग्यता समजतो.

प्रत्यक्ष वही उघडून पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. समजा, सहावीच्या वर्गात जूनमध्ये 'माझी शाळा' या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या. तमिळ घरातला मुलगा लिहितो, 'माझा शाळा मोठा आहे. मी बसमध्ये शाळा जातो.' मराठी घरातली मुलगी लिहिते, 'माझी शाळा खूप मोठी आहे. मला माझी शाळा आवडते. आम्ही शाळेत खूप मजा करतो.' फेब्रुवारीत सहलीवर लिहायला सांगितल्यावर मुलगा लिहितो, 'शाळेची सहल रायगडावर गेली. आम्ही पायऱ्या चढून वर गेलो. बाईंनी आम्हाला बाजारपेठ दाखवली आणि तिथे दुकाने कशी होती ते सांगितले. मी खूप फोटो काढलो.' मुलगी लिहिते, 'आमची सहल रायगडावर गेली. सहल मला खूप आवडली. आम्ही खूप मजा केली.' लाल पेन हातात असलेल्या शिक्षकाला मुलाच्या शेवटच्या वाक्यात चूक सापडते, मुलीच्या तिन्ही वाक्यांत एकही सापडत नाही. गुण कुणाला जास्त पडणार हे उघड आहे. पण या आठ महिन्यांत मुलाने काय कमावले ते पाहा. शाळा स्त्रीलिंगी आहे हे त्याला कळले. 'शाळा जातो' म्हणणारा मुलगा आता 'शाळेची', 'रायगडावर' अशी सामान्यरूपे चुकवत नाही. 'बाईंनी दाखवली' यातले क्रियापद बाईंकडे न पाहता बाजारपेठेकडे पाहून चालते, हे मराठीतले अवघड वळण त्याने पार केले आहे. 'मी फोटो काढलो' ही चूक उरली, कारण 'मी'ला 'ने' दिसत नाही आणि तोच नियम तिथेही लागू आहे हे अजून उमगायचे आहे. (सोलापूरकडच्या आणि सीमाभागातल्या बोलीत असा प्रयोग मराठी माणसाच्या तोंडीही ऐकू येतो.) मुलीचे लेखन मात्र जूनमध्ये होते तिथेच आहे. तेच 'खूप', तीच 'मजा', तीच चार-पाच शब्दांची वाक्ये. तिला पैकीच्या पैकी देऊन आपण तिला एवढेच सांगतो की तुला पुढे जायची गरज नाही. नुकसान तिचेही होते, आणि मला ते मुलाच्या नुकसानाइतकेच गंभीर वाटते.

या मुलाबद्दल कळवळा असणारे शिक्षक आजही पुष्कळ आहेत, आणि ते आपल्या परीने मार्ग काढतात. पेपर तपासताना हात सैल सोडतात, तोंडी परीक्षेचे चार गुण वाढवतात, 'प्रयत्न करतो' म्हणून पास करतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम गोंधळाचा होतो. अमेरिकेतल्या मूल्यमापनाच्या अभ्यासक सुझन ब्रूकहार्ट यांनी १९९० च्या दशकापासून हेच दाखवून दिले आहे की शिक्षक एकाच गुणात ज्ञान, मेहनत, वागणूक आणि सुधारणा या सगळ्याची सरमिसळ करतात आणि मग त्या गुणाचा अर्थ कुणालाच नीट लावता येत नाही. आपल्याकडेही तेच घडते. गुणपत्रकात साठ लिहिलेले असतात. ते साठ टक्के मराठी येणाऱ्या मुलाचे आहेत, की चाळीस टक्के येणाऱ्या पण धडपडणाऱ्या मुलाचे, की ऐंशी टक्के येणाऱ्या पण वही पूर्ण न करणाऱ्या मुलाचे, हे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कळायला मार्ग नसतो. त्याला तर नेमके तेच माहीत असायला हवे, कारण जूनमध्ये त्याला तिथून पुढे शिकवायचे असते.

मेहनतीला थेट गुण देण्यात आणखी एक धोका आहे आणि तो अन्यायाचा आहे. मेहनत दिसते कुणाची? समोरच्या बाकावर बसणाऱ्याची, हात वर करणाऱ्याची, वही सुबक अक्षरात आणि वेळेवर देणाऱ्याची, जिच्या प्रकल्पाला घरातल्या मोठ्या माणसाचा हात लागला आहे तिची. संध्याकाळी लहान बहिणीला सांभाळून, एका खोलीत सहा माणसांच्या गलक्यात धडा वाचणाऱ्या मुलाची मेहनत वर्गात दिसत नाही. ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर जाऊन चार-पाच महिन्यांनी परतणाऱ्या मुलीची वही तर अपुरीच असते. नव्या भाषेत बोलायला बिचकणारे मूल गप्प बसते, आणि गप्प मूल 'सहभाग घेत नाही' या नोंदीत जाते. जे गुण मागे राहिलेल्यांच्या मदतीसाठी म्हणून सुरू होतात ते अशा रीतीने पुढे असलेल्यांच्याच झोळीत पडतात. म्हणून मेहनतीचा पुरावा मुलाच्या वागण्यात शोधू नये, त्याच्या कामात झालेल्या बदलात शोधावा. 'शाळा जातो' चे 'शाळेची सहल' झाले असेल तर मधल्या काळात काहीतरी कष्ट झालेच आहेत. ते कुणी पाहिले नसले तरी चालेल.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. शाळांच्या हाती प्रगतीचे गुण दिले की गुणांची खैरात होणार. हा आक्षेप हवेतला नाही, आपल्या राज्याचा ताजा इतिहास त्याच्या बाजूने बोलतो. दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेने द्यायचे अशी पद्धत होती. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी शाळेच्या हातातले हे गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत दिले गेले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. चढउताराची इतरही कारणे होती. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला कोविडमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. तरी ते २० गुण बहुतेक शाळांत कसे वाटले जात होते हे प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला ठाऊक आहे. पण या अनुभवातून काय शिकायचे ते नीट पाहायला हवे. ते गुण बिघडले याचे कारण त्यांना कसलाही पुरावा जोडलेला नव्हता आणि ते थेट बोर्डाच्या बेरजेत जात होते. ज्या गुणावर शाळेची टक्केवारी, मुलाचा अकरावीचा प्रवेश आणि शिक्षकाची मान अवलंबून आहे, तो गुण कुणीही हात राखून देणार नाही. प्रगतीची नोंद स्वतंत्र रकान्यात असेल, बोर्डाच्या बेरजेत जाणार नसेल आणि जून-फेब्रुवारीच्या दोन वह्यांची पाने तिच्यासोबत असतील, तर ती फुगवण्याचे कारणच उरत नाही. सरमिसळ केली की खैरात होते. मी वेगळ्या रकान्याचा आग्रह धरतो तो याचसाठी.

प्रगती मोजण्याची रीतही कुणाला नव्याने शोधायची नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९७० च्या दशकात मिश्र पातळीच्या वर्गांसाठी गटाने शिकण्याची एक पद्धत बसवली. तीत प्रत्येक मुलाची आधीच्या चाचण्यांतली सरासरी हा त्याचा स्वतःचा पाया धरतात. पुढच्या चाचणीत त्या सरासरीच्या दहापेक्षा जास्त गुण वर गेले तर सुधारणेचे सर्वाधिक, म्हणजे ३० गुण मिळतात. थोडे वर गेले किंवा जागेवर राहिले तर त्याहून कमी, घसरले तर आणखी कमी. आणि ज्याचा पेपर पूर्ण बरोबर आहे त्याला, त्याची आधीची सरासरी काहीही असो, पूर्ण ३०. हा शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे, कारण ९८ वरून पुढे जायला जागा कुठे आहे हा हुशार मुलांच्या पालकांचा रास्त प्रश्न त्यात सुटतो. माझ्या युक्तिवादाला त्याहून जवळची गोष्ट अशी की स्लाव्हिन यांच्या पद्धतीत हे सुधारणेचे गुण गटाच्या गौरवासाठी वापरले जात. प्रगतीपुस्तकावर जाणारे गुण मुलाच्या प्रत्यक्ष कामगिरीचेच असत. दोन हिशेब त्यांनीही वेगळेच ठेवले होते. आपल्या अंगणवाडीतही असे दोन वेगळे हिशेब दर महिन्याला ठेवले जातात. सेविका बाळाचे वजन करते आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडते. वजन अजून कमी आहे पण रेघ वर चालली आहे, की वजन ठीक आहे पण रेघ आडवी झाली आहे, हे दोन्ही तिला एका नजरेत दिसते. वजन आणि वाढ यांची बेरीज करून एकच आकडा काढावा असे कुणाला सुचत नाही. भाषेच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षे तेच करतो आहोत.

पुढे असलेल्या मुलांबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. प्रगती मोजायची म्हटले की ती मागे असलेल्यांची सोय आहे असा समज होतो. पण सहलीवर तीन निर्दोष, कोरडी वाक्ये लिहिणाऱ्या मुलीपुढे प्रगतीचा रकाना मोठेच आव्हान उभे करतो. तिच्यासाठी पेपरातच वरच्या पायरीची जागा ठेवावी लागेल: गडावर ऐकलेली एखादी गोष्ट वेगळ्या माणसाच्या नजरेतून लिहिणे, आजीच्या बोलीतला संवाद जसाच्या तसा उतरवणे, वर्तमानपत्रातल्या एखाद्या मताचे खंडन करणे. इंग्रजी शाळांत शिकणारी मराठी घरांतली लाखो मुले मराठी बोलतात, पण सलग पानभर लिहू शकत नाहीत, ही तक्रार आपण रोज ऐकतो. त्यांना द्वितीय भाषेच्या पेपरात सहज नव्वद पडतात आणि त्या नव्वदांतच ती थांबतात. मराठी टिकवण्याची काळजी करणाऱ्यांनी या मुलांकडे पाहायला हवे; अमराठी मुलांच्या चुकांनी भाषेचे काही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. पहिल्या चाचणीत मुद्दाम कमी लिहायचे आणि शेवटी भरघोस सुधारणा दाखवायची, असा डाव कुणी खेळला तर? शिवाय एखादे मूल पहिल्या दिवशी तापाने फणफणले होते म्हणून कमी पडले असेल, तर पुढच्या वेळी ते आपोआपच वर येणार. त्याला प्रगती म्हणायचे का? दोन्ही शंका बरोबर आहेत. एका चाचणीवर पाया ठरवला तर हे होणारच. म्हणून पाया दोन-तीन छोट्या कामांवर ठरावा, त्यात तोंडी काम असावे आणि वर्षात एकदा तो नव्याने मांडावा. फरक गुणांत मोजण्यापेक्षा पायऱ्यांत मोजणे तर आणखी भरवशाचे. 'असर' या ग्रामीण भागातल्या शैक्षणिक पाहणीत मुलाचे वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर तपासतात. खेड्यातल्या स्वयंसेवकाला काही मिनिटांत जमते इतके ते साधे आहे. पाचवीतल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही हे याच पाहणीने देशाला वर्षानुवर्षे दाखवून दिले. म्हणजे एकाच पाचवीत किती पातळ्या बसलेल्या असतात त्याचा अंदाज यावा. 'शब्दांवर होता, आता परिच्छेद वाचतो' ही नोंद खोटी लिहिता येत नाही, कारण कुणीही त्या मुलाला जवळ बोलावून, समोर परिच्छेद ठेवून ती पडताळू शकतो.

शाळांनी मनावर घेतले तर बहुतेक साहित्य आपल्याकडे तयार आहे. शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० साली राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. पहिली-दुसरीला वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित परीक्षेला ३० टक्के, आणि इयत्ता वाढत जाईल तसे आकारिकचे प्रमाण कमी होत सातवी-आठवीला ४० टक्के, अशी त्याची आखणी होती. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी आठ साधने दिली. प्रगतीपुस्तकात 'विशेष प्रगती' आणि 'सुधारणा आवश्यक' असे रकानेही छापले. म्हणजे प्रगतीचा रकाना कागदावर आहेच. शासकीय आणि अनुदानित शाळांत वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणीही होते. मग अडले कुठे? रकाना भरण्यासाठी वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्याच यादीच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो', 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' ही वाक्ये एका जिल्ह्यातल्या हजारो प्रगतीपुस्तकांत अक्षरशः सारखी सापडतील. पायाभूत चाचणीचे गुण वर पोर्टलवर भरले जातात, त्यांचे तक्ते होतात. मुलाच्या हाती किंवा पुढच्या शिक्षकाच्या हाती ते क्वचितच येतात. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण साठ मुलांच्या, आठ साधनांच्या, प्रत्येक विषयाच्या नोंदी कुणालाही मनापासून लिहिता येणार नाहीत. ज्या नोंदीचा पुढे कुणीच उपयोग करत नाही ती उतरवून काढली जाणारच.

म्हणून मागणी वाढवायची नसून कमी करायची आहे. भाषेपुरते बोलायचे तर वर्षात प्रत्येक मुलाच्या लेखनाचे तीन नमुने आणि वाचनाच्या दोन नोंदी पुरेत, आणि प्रत्येक नमुन्याखाली शिक्षकाची त्या मुलापुरती एकच ओळ: कशात पुढे गेला, आता काय हवे. बाकीची साधने शिक्षकाच्या मर्जीवर सोडावीत. इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या मुलांना कामावर केवळ अभिप्राय मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले आणि त्यातला रस वाढला; ज्यांना गुण किंवा गुणांसह अभिप्राय मिळाला त्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. आकडा दिसला की मूल खालची ओळ वाचत नाही, हे कोणत्याही आईला मान्य होईल. तेव्हा निदान पाचवीपर्यंत प्रगतीच्या रकान्यात आकडा नसावाच. लेखनाची ती पाने आणि त्यांखालच्या ओळी असाव्यात. सहावी ते आठवीत पायऱ्यांवर आधारलेली श्रेणी द्यावी आणि शाळेच्या पारितोषिकांत, प्रगतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर, पालकसभेत तिला पातळीच्या गुणांच्या बरोबरीचे स्थान द्यावे. नोंद कुणी पाहणार आहे हे कळले की ती काळजीपूर्वक लिहिली जाते.

तिसरा आक्षेप पालक आणि नोकरी देणारे घेतील: जगाला मुलाने किती धडपड केली यात रस नाही, त्याला काय येते यात आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला किंवा तलाठ्याला मराठी यायलाच हवी. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच दहावीच्या बोर्डाच्या गुणात प्रगतीचा एकही गुण घालू नये असे मी म्हणतो. तिथे केवळ पातळी मोजावी. मात्र ती प्रामाणिकपणे मोजायची तर माध्यमाप्रमाणे पेपर वाटण्याची पद्धत सोडावी लागेल. युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ साली परकीय भाषांसाठी सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली. त्यामुळे आज जर्मन किंवा फ्रेंच शिकणारा पुण्यातला विद्यार्थी आपण कोणत्या पायरीवर आहोत हे नेमके सांगू शकतो. मराठीबद्दल कुणालाच तसे सांगता येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने अमराठी भाषकांसाठी 'माय मराठी' ही पुस्तके तयार केली आहेत, म्हणजे या दिशेने काम करणारी माणसे आपल्याकडे आहेत. शालेय मराठीसाठी अशा चार-पाच पायऱ्या ठरल्या, मुलाने आपल्याला पेलेल त्या पायरीचा पेपर द्यावा आणि प्रमाणपत्रावर पायरीचे नाव छापले जावे, तर लखनौहून सातवीत आलेल्या मुलाची दुसरी पायरी आणि ठाण्याच्या मुलीची पाचवी पायरी दोन्ही खऱ्या असतील. श्रेणी देऊन बेरजेबाहेर ठेवण्याची सवलत पुन्हा मागावी लागणार नाही.

याची सुरुवात कुठून करावी? सक्तीच्या कायद्यामुळे चर्चा शहरी शाळांची होते, पण निकड धारणी, धडगाव आणि भामरागडची आहे. मुंबईच्या तमिळ मुलाला मराठीत कमी गुण पडले तर त्याचा एक विषय मागे राहतो. कोरकू मुलाचे गणित, विज्ञान, इतिहास सगळे मराठीतून असते. त्याला तिसरीत मराठीचा खालचा शेरा मिळाला की तो सगळ्याच विषयांत 'ढ' ठरतो, आणि आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आल्यावर त्याच वर्गात बसवण्याचा धोकाही आहे. त्या परीक्षेआधी पहिली ते चौथी या काळात त्याने घरच्या भाषेतून मराठीकडे किती मजल मारली याची नोंद असेल, तर शिक्षकाला नेमकी मदत करता येईल आणि मुलाला थांबवण्याचा निर्णय घेणाऱ्याला त्या नोंदीचे उत्तर द्यावे लागेल. या तालुक्यांतल्या शिक्षकांना नोंदींच्या बाकीच्या ओझ्यातून मोकळे करून, मुलांची भाषा समजणाऱ्या स्थानिक सहायकासह, येत्या जूनपासून केवळ लेखनाचे तीन नमुने आणि वाचनाच्या दोन नोंदी एवढेच काम द्यावे. ती पाने मुलाबरोबर दुसरीतून तिसरीत, आश्रमशाळेत, शाळा बदलली तर नव्या शाळेत जावीत, आणि पायाभूत चाचणीचा निकाल पोर्टलवर भरण्याच्या आधी तो त्या पानांना टाचून ठेवण्याची सक्ती शिक्षण विभागाने करावी.